विश्लेषण : ‘रन’ म्हणजे नुसते धावणे नव्हे! एकाच इंग्रजी क्रियापदाला 645 अर्थ कसे?

भाईंदर पश्चिमेकडून जिना चढून फलाटावर आलेल्या प्रवाशाच्या कानावर सकाळच्या गर्दीत एक वाक्य अनेकदा पडते. चर्चगेटकडे जाणारी लोकल काही मिनिटे ‘उशिराने धावत आहे’. प्रत्यक्षात ती लोकल नायगावच्या पुढे, वसई खाडीच्या पुलाअलीकडे सिग्नलला उभीही असू शकते. उभी गाडी धावते कशी, असा प्रश्न मात्र कोणालाच पडत नाही. या वाक्यामागे इंग्रजीतला ‘रनिंग लेट’ हा प्रयोग आहे आणि त्यातल्या ‘रन’चा पायांशी काहीही संबंध नाही. शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असे पाठ करणाऱ्यांची पुढे परीक्षेत, नोकरीत आणि कधी कधी कोर्टकचेरीतही अडचण होते, ती नेमकी इथेच.

645 हा आकडा कुठला?

इंग्रजी भाषेतला सर्वात विस्तृत ऐतिहासिक शब्दकोश म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. त्याची पहिली आवृत्ती 1928 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा सर्वात लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतही हा मान ‘सेट’कडेच राहिला. पुढे शब्दकोशाच्या फेरसंपादनात ‘रन’ची पाळी आली. कोशकार पीटर गिलिव्हर यांना या एका शब्दासाठी सुमारे नऊ महिने लागले. 2011 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा क्रियापद म्हणून ‘रन’चे 645 अर्थ नोंदले गेले होते. हे सगळे अर्थ रोजच्या वापरातले नाहीत. त्यात जुने, मागे पडलेले आणि एखाद्या व्यवसायापुरते मर्यादित अर्थही आहेत. सूक्ष्म फरकांचीही वेगळी नोंद केली जाते.

इतके अर्थ आले कुठून?

पळणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ या शब्दात फार जुने आहेत. त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ आजही पाणी वाहण्यासाठी वापरला जातो. त्यामुळे नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाकही ‘रन’ होते. एखादी गोष्ट न थांबता पुढे सरकत राहते, ही कल्पना या सर्वांना जोडते. रस्ता जागचा हलत नाही. तरी स्टेशनपासून उत्तनपर्यंत तो ‘रन’ होतो, कारण पाहणाऱ्याची नजर त्यावरून पुढे सरकते. करार ठरावीक महिने ‘रन’ होतो, कारण काळ सरकतो.

औद्योगिक क्रांतीनंतर या शब्दाचा पसारा आणखी वाढला. इंजिन, गिरणी, छापखाना, आगगाडी या सगळ्यांना ‘रन’ लागू झाले. मग यंत्र चालवणारा माणूस कारखाना ‘रन’ करू लागला. त्यापाठोपाठ दुकान, संस्था आणि सरकारही ‘रन’ होऊ लागले. संगणक आल्यावर प्रोग्रामची भर पडली.

मराठीत याला काय म्हणतात?

एकच मराठी शब्द शोधायला गेले की घोळ होतो. नळाचे पाणी वाहते, ताप येतो, धुताना कपड्याचा रंग जातो, बातमी छापून येते. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘रन’ वापरता येतो. तरीही त्याच्या सर्वात जवळचा मराठी शब्द ‘धावणे’ नसून ‘चालणे’ आहे. घड्याळ चालते, पंखा चालतो, दुकान चालते, नाटकाचे प्रयोग चालतात. शिकवणीचे वर्ग चालवले जातात आणि सरकारही चालवले जाते. इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी बहुधा चालते.

क्रिकेटचा मामला वेगळा. तिथे मराठीने ‘रन’चा धावण्याचाच अर्थ उचलला आणि धाव, धावसंख्या, धावफलक, धावबाद असे शब्द रुळवले. निवडणुकीत आणखी गंमत आहे. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. महाराष्ट्रात तो उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो.

शेजारचा छोटा शब्द अर्थ कसा बदलतो?

‘रन आउट ऑफ’ म्हणजे साठा संपणे: दूध संपले, पैसे संपले, वेळ संपली. ‘रन इन्टू’ म्हणजे कोणी अचानक भेटणे, पण अडचणींच्या बाबतीत त्यांना सामोरे जावे लागणे. वाहनाखाली चिरडणे म्हणजे ‘रन ओव्हर’, पण बैठक ‘रन ओव्हर’ झाली तर ती ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. ‘रन थ्रू’ म्हणजे भरभर नजर घालणे किंवा तालीम करणे, तर इमारत ‘रन डाउन’ असेल तर ती मोडकळीला आलेली असते. प्रत्येक शब्दाचा सुटा अर्थ घेऊन बेरीज केली तर यातले बरेच अर्थ हाती लागणार नाहीत.

मराठीत असे होत नाही का?

होते आणि सर्रास होते. ‘लागणे’ हेच क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो आणि वेडही लागते. ‘गाडी लागली’ या दोन शब्दांचे फलाटावर आणि घाटात अगदी वेगळे अर्थ होतात. फलाटावर त्याचा अर्थ लोकल येऊन उभी राहिली, चढायला हरकत नाही. घाटात त्याचा अर्थ प्रवासाने कोणाला तरी मळमळते आहे. मराठी मुलाला ही यादी कोणी पाठ करायला लावत नाही. तो ती सोबतच्या शब्दांसह ऐकत मोठा होतो.

चूक कुठे महागात पडते?

कायद्याच्या भाषेत. फौजदारी खटल्यात 2 आणि 3 वर्षांच्या दोन शिक्षा ‘रन कन्करंटली’ असतील, तर त्या एकत्र भोगायच्या असतात, म्हणजे 3 वर्षे. त्या ‘कॉन्सेक्युटिव्हली’ असतील, तर एकामागून एक, म्हणजे 5 वर्षे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 25 मध्ये हाच ‘रन’ आहे. 1963 च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टातही मुदत कधीपासून ‘रन’ होते, याचा स्वतंत्र रकाना आहे. त्याचा अर्थ मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची. उसने दिलेले पैसे परत मिळवण्याचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. मोजणी कधी सुरू झाली, हे समजले नाही तर हक्काचा दावाही मुदतबाह्य ठरू शकतो. भाडेकरारात घर 11 महिन्यांसाठी मिळाले असेल, तर ते 11 महिने कोणत्या तारखेपासून ‘रन’ होतात, हे सही करण्यापूर्वी पाहायला हवे.

मग शिकायचे कसे?

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे ‘रन’ हा शब्द मुलांना लवकर भेटतो, पण बहुधा धावणाऱ्या मुलाच्या चित्रासह आणि एकाच अर्थाने. पुढे वाक्प्रचारांची यादी पाठ केली जाते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. त्यापेक्षा वाक्यात ‘रन’ दिसला की तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ‘रन’ होणारे कोण आहे: माणूस, पाणी, यंत्र की काळ? दुसरी, ‘रन’नंतर लगेच कोणता शब्द आला आहे? तिसरी, तीच गोष्ट घरात मराठीत कशी सांगितली असती? वहीत सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे. समोर मराठी वाक्यही पूर्णच असावे आणि त्यात ‘धावणे’ आलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये.

हीच कसोटी फलाटावरच्या घोषणेलाही लावता येते. लोकल ‘रनिंग लेट’ असेल, तर भाईंदरचा प्रवासी घरी फोन करून ती ‘उशिराने धावते आहे’ असे सांगत नाही. तो सांगतो, ‘गाड्या लेट आहेत.’