रेड तबकडी-नियंत्रक

संगणकास जोडलेल्या अनेक तबकड्यांचा समूह जणू एकच मोठी तबकडी आहे अशा रीतीने चालविणाऱ्या आणि त्यांपैकी एखादी निकामी झाल्यास तीवरील माहिती उरलेल्या तबकड्यांवरून पुन्हा सिद्ध करून देणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनास रेड तबकडी-नियंत्रक म्हणतात. ‘रेड’ हे इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले नाव असून त्याचा मूळ अर्थ ‘स्वस्त तबकड्यांचा अतिरिक्ततायुक्त समूह’ असा होता. पुढे ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागी ‘स्वतंत्र’ हा शब्द रूढ झाला. नियंत्रकाची किंमत पाहता हा बदल यथार्थच म्हटला पाहिजे.

आयबीएम कंपनीतील नॉर्मन औची यांना १९७८ मध्ये निकामी झालेल्या संग्राहक घटकातील माहिती परत मिळविण्याच्या पद्धतीबद्दल एकस्व (पेटंट) मिळाले होते. तथापि या कल्पनेची पद्धतशीर मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात झाली. त्यात १ ते ५ असे पाच स्तर वर्णिले होते. ० व ६ हे स्तर नंतर रूढ झाले.

स्तर व समता : स्तर ० मध्ये माहितीचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या तबकड्यांवर विभागून लिहितात. यामुळे वेग वाढतो. पण संरक्षण मुळीच मिळत नाही, उलट एक तबकडी गेली की सर्व माहिती जाते. स्तर १ मध्ये प्रत्येक नोंदीची हुबेहूब प्रत दुसऱ्या तबकडीवर ठेवतात व त्यासाठी निम्मी धारणक्षमता खर्च होते. स्तर २ ते ४ आता व्यवहारात क्वचितच आढळतात. स्तर ५ मध्ये माहितीबरोबर समता (पॅरिटी) लिहितात व ती आळीपाळीने सर्व तबकड्यांवर विखुरतात. समतेचे तत्त्व सोपे आहे. तीन तबकड्यांच्या समूहात पहिलीवर १०११ व दुसरीवर ०११० हे अंक असतील, तर प्रत्येक स्थानी अंक समान असल्यास ० व भिन्न असल्यास १ मांडून तिसरीवर ११०१ ही समता येते. दुसरी तबकडी निकामी झाल्यास १०११ व ११०१ यांवर हीच क्रिया करून ०११० परत मिळते. स्तर ६ मध्ये दोन स्वतंत्र समता असल्याने एकाच वेळी दोन तबकड्या गेल्या तरी माहिती राहते.

लेखन व वीजपुरवठा : स्तर ५ मध्ये एक लहानशी नोंद बदलण्यासाठी जुनी माहिती व जुनी समता वाचणे आणि नवी माहिती व नवी समता लिहिणे अशा चार क्रिया कराव्या लागतात. हा विलंब टाळण्यासाठी नियंत्रकावर द्रुतगती स्मृती (कॅशे) बसविलेली असते. माहिती या स्मृतीत येताच ‘लिहिले’ असे उत्तर संगणकास मिळते. तबकड्यांवर ती नंतर सवडीने उतरविली जाते. नियंत्रकाची खरी कसोटी येथे लागते. समजा, वर्धा-नागपूर मार्गावरील केळझरसारख्या गावातील एखाद्या सेवा केंद्रात असा संगणक आहे आणि फेरफाराची नोंद केल्याच्या दुसऱ्याच क्षणी वीज गेली. पडद्यावर नोंद पूर्ण झाली असली, तरी ती अद्याप केवळ स्मृतीतच आहे. याहून वाईट म्हणजे नवी माहिती लिहून झाली व समता जुनीच राहिली, तर ती विसंगती लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी तबकडी निकामी झाल्यावर त्या समतेवरून जी माहिती काढली जाते ती चुकीची निघते. म्हणूनच चांगल्या नियंत्रकावरील स्मृतीस विद्युत् घटमालेचा आधार असतो किंवा महाधारित्राच्या शक्तीवर ती माहिती वीज जाताच कायम स्मृतीत उतरविली जाते. घटमाला कालांतराने क्षीण होते. ती क्षीण झाल्याचे आढळल्यास नियंत्रकाने विलंबाने लिहिण्याची पद्धत आपण होऊन थांबवावी, अशी योजना असते. वेग अचानक मंदावल्याची तक्रार पुष्कळदा यामुळेच येते. ती टाळण्यासाठी ही योजना बंद करून ठेवणारे लोक माहितीच पणास लावतात.

पुनर्रचना : निकामी तबकडीच्या जागी राखीव तबकडी आपोआप घेऊन तीवर माहिती नव्याने लिहिण्याचे काम नियंत्रक करतो. १६ टेराबाइटची तबकडी सेकंदास २०० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी सु. २२ तास लागतात. दैनंदिन काम चालू असल्यास याहून अधिक. या काळात स्तर ५ च्या समूहास कोणतेही संरक्षण उरत नाही. सामान्य तबकड्यांच्या बाबतीत १०¹⁴ द्विमान अंकांमागे, म्हणजे सु. १२·५ टेराबाइट वाचनामागे, एक न वाचता येणारी जागा संभवते असे उत्पादक नमूद करतात. ४ टेराबाइटच्या पाच तबकड्यांच्या समूहात पुनर्रचनेसाठी १६ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात तबकड्या या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या चालतात. तरीही मोठ्या तबकड्यांसाठी स्तर ६ पसंत करतात, तो याच कारणाने. तसेच फावल्या वेळात सर्व तबकड्या वाचून दोष आधीच शोधण्याची सोय नियंत्रकात असते आणि ती चालू ठेवणे अगत्याचे असते.

अनेक तबकड्यांवर एकाच वेळी लिहिण्याचा लाभ वैज्ञानिक कामात विशेष दिसतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार तेथील संदेश-संस्करण यंत्रणा प्रत्येक आकाशकाच्या दोन ध्रुवणांचे ३३ मेगॅहर्ट्झ पट्टारुंदीचे संदेश ४८ संगणकांच्या साहाय्याने हाताळीत असे. पट्टारुंदीच्या दुप्पट दराने नमुने घ्यावे लागत असल्याने ६० संदेशांचे मिळून सेकंदास सु. ४ अब्ज नमुने होतात. प्रत्येकास एक बाइट धरून ते जसेच्या तसे साठवावयाचे म्हटल्यास सेकंदास २०० मेगाबाइट लिहिणाऱ्या किमान २० तबकड्या एकाच वेळी राबवाव्या लागतील.

मर्यादा : रेड समूह म्हणजे माहितीची राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद सर्व तबकड्यांवरून तत्क्षणी पुसली जाते. घातक प्रणाली, आग वा वीज कोसळणे यांपासूनही तो संरक्षण देत नाही. सातबाऱ्याच्या नोंदींसारखी माहिती म्हणूनच दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी लागते. घरगुती संगणकाची तबकडी समूहात वापरणेही धोक्याचे असते. सदोष जागा वाचण्यासाठी ती दीर्घकाळ प्रयत्न करीत राहते आणि उत्तर न आल्याने नियंत्रक तिला निकामी ठरवितो. समूहासाठी बनविलेल्या तबकड्या साधारणतः सात सेकंदांत प्रयत्न सोडून देतात व त्या जागेची माहिती नियंत्रक समतेवरून काढतो.

हेच कार्य केवळ आज्ञावलीच्या द्वारेही होऊ शकते. लिनक्स प्रणालीत तशी सोय अंतर्भूत आहे. यात माहिती कोणत्याही दुसऱ्या लिनक्स संगणकावर वाचता येते, हा मोठा फायदा होय. याउलट, नियंत्रकच बिघडल्यास बहुधा त्याच निर्मात्याच्या त्याच मालिकेतील दुसरा नियंत्रक मिळवावा लागतो. समूहाच्या रचनेची नोंद तबकड्यांवरही लिहिलेली असल्याने नवा नियंत्रक ती ओळखतो व आयात करावी काय असे विचारतो. या वेळी चुकून नवा समूह निर्माण करण्याची आज्ञा दिल्यास जुनी रचना नष्ट होते. तबकड्या काढण्यापूर्वी प्रत्येकीवर तिचा क्रमांक लिहून ठेवण्याचा प्रघात यासाठीच आहे.