जकात, दान आणि घेणाऱ्याचा मान

आपल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ‘जकात’ हा शब्द नाक्यावरचा म्हणूनच परिचित असेल. रांगेत थांबलेल्या मालमोटारी, खिडकीत पावती फाडणारा कारकून, आणि ‘जकात चुकविली’ हा वाक्प्रयोग. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईचे जकात नाकेही इतिहासजमा झाले. शब्द मात्र राहिला. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. मोगल अमदानीत व्यापारी मालावरील करालाही तो लावीत, आणि आपल्याकडे तेवढाच अर्थ रूढ झाला. मुळात त्या धातूत ‘शुद्ध होणे’ आणि ‘वाढणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. धनातील ठरलेला अंश काढून दिला म्हणजे उरलेले धन शुद्ध होते, ही त्यामागची धारणा.

व्युत्पत्ती मी वर्गात अनेक वर्षे सांगितली. पण जकातीचा अर्थ मला त्याआधीच, विद्यार्थिदशेत, एका अत्तराच्या दुकानात कळला होता. हैदराबादच्या जुन्या शहरातील ते दुकानदार माझ्या वडिलांचे स्नेही. रमजानात एकदा मी गेलो तेव्हा ते वही उघडून बसले होते. दुकानातील विक्रीचा माल, गल्ल्यातील रोकड, येणे असलेली रक्कम, सारे मांडून त्यातून देणे वजा करीत होते. राहते घर, अंगावरचे कपडे, दुकानातील तराजू हे हिशेबात नव्हते. उरलेल्या रकमेचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, त्यांनी वेगळा काढला. लाखाला अडीच हजार. मी म्हणालो, “चाचा, केवढे हे दान!” ते हसून म्हणाले, “बेटा, हे दान नव्हे. हे माझं नाहीच. माझ्याकडे वर्षभर राहिलं, एवढंच.”

या उत्तरात जकातीचे सारे शास्त्र आले. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी हा एक. म्हणून तो ऐच्छिक नाही. परंतु तो सर्वांवरही नाही. ज्याच्याकडे ‘निसाब’ नावाच्या मर्यादेइतके धन आहे आणि ते चांद्र वर्षभर राहिले आहे, त्याच्यावरच तो बंधनकारक. भारतात ही मर्यादा साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सामान्यतः सांगतात. शेतीच्या उत्पन्नाला निराळा दर आहे: पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग, आणि कष्टाने पाणी देऊन पिकविलेल्याचा विसावा. ज्याचे श्रम अधिक, त्याचे देणे कमी. हा विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो.

घेणारे कोण, हेही ठरलेले आहे. कुराणाच्या नवव्या अध्यायात आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत निर्धन आणि गरजू आहेत, तसेच कर्जबाजारी, गुलामीतून सोडवायचे लोक आणि वाटेत अडकलेला प्रवासीही आहेत. आपल्या आईवडिलांना वा मुलांना जकात देता येत नाही; कारण त्यांचे पोषण हे आपले कर्तव्यच आहे. याच ग्रंथात अन्यत्र श्रीमंतांच्या धनात याचकाचा आणि वंचिताचा ‘हक्क’ आहे असे म्हटले आहे. हा अरबी ‘हक्क’ आपण मराठीत रोज वापरतो. तो याचकाच्या बाजूने वापरण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

जकातीखेरीज ‘सदका’ म्हणजे स्वेच्छेचे दान आहे. त्याला दर नाही, मर्यादा नाही. पारंपरिक धर्मशास्त्र्यांपैकी बहुतेकांच्या मते जकात मुसलमान गरजूंनाच द्यावी. सदका कोणालाही देता येतो. त्या वर्षी माझ्या परीक्षेचे शुल्क चाचांनी भरले. ते जकातीतून नव्हे, सदक्यातून होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. धर्मनियमाची मर्यादा त्यांनी पाळली आणि शेजारधर्मही पाळला.

आता आपल्या परंपरेकडे वळू. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, पात्र व्यक्तीला दिलेले ते सात्त्विक. तिरस्काराने दिलेले ते तामस. येथे दराचा विचार नाही. देणाऱ्याच्या चित्तशुद्धीचा आहे. ही दृष्टी सूक्ष्म खरीच. पण ‘पात्र’ कोण हे ठरविताना व्यवहारात भुकेपेक्षा जात आणि विद्या अधिक पाहिली गेली, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जैनांनी आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने मानली; निर्भयता हेही देता येते, हा विचार त्यांनी दिला. शिखांच्या ‘दसवंध’मध्ये उत्पन्नाचा दहावा भाग आहे आणि लंगरात देणारा-घेणारा एकाच पंगतीत बसतो. ज्यू परंपरेत दानासाठी ‘त्सेदाका’ हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी न्यायाचा अर्थ आहे. बाराव्या शतकातील ज्यू पंडित मैमोनिदिस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वोच्च ती, जिच्यामुळे घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागत नाही.

कोणी दर ठरविला, कोणी मन तपासले. परंतु एका गोष्टीवर या परंपरांचे आश्चर्यकारक एकमत आहे. उपकार बोलून दाखवून दान व्यर्थ करू नका, असे कुराण बजावते. उघड देणे चांगलेच, पण गुपचूप देणे अधिक चांगले, असेही सांगते. येशूने उजव्या हाताचे देणे डाव्या हाताला कळू देऊ नका असे सांगितले. उपनिषदाने विनयपूर्वक, लज्जेने द्यावे असे म्हटले.

हे सर्व ठाऊक असूनही माझ्या हातून एक चूक घडली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी प्रमुख पाहुणा होतो. गरजू मुलांना दप्तरे द्यायची होती. एकेकाचे नाव पुकारले जाई, मूल मंचावर येई, छायाचित्र निघे. एका मुलीने दप्तर हातात येताच ते तोंडासमोर धरले. छायाचित्रकार म्हणाला, “खाली घे.” मीही तेच म्हणालो. घरी आल्यावर मला अत्तराचे दुकान आठवले. माझे शुल्क भरताना चाचांनी पावतीसुद्धा माझ्या वडिलांच्या नावाने फाडून घेतली होती.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांनी कित्येकांची शुल्के भरली. ती कोणाची, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की शाळेच्या विद्यार्थी साहाय्य निधीला देताना वर्षातून एक दिवस वही उघडून हिशेब करावा. मनाला येईल तेवढे नव्हे, ठरवून द्यावे. आणि शाळेला विनंती, की देणाऱ्यांची नावे हवी तर फलकावर लावावीत. घेणाऱ्याचे नाव मात्र कार्यालयाच्या कपाटाबाहेर येऊ नये.