हे दार तूच उघड!

भुताचा सिनेमा पाहताना आपण काय करतो? तोंडावर उशी धरतो, नाहीतर शेजारच्याचा हात घट्ट पकडतो. डोळे मिटले तरी सिनेमा पुढे सरकतो आणि भूत आपोआप निघून जाते. व्हिडिओ गेममध्ये ही सोय नाही! अंधाऱ्या खोलीचे दार उघडायचे, तर आपल्याच अंगठ्याने बटण दाबावे लागते. पडद्यावरचा माणूस आत जातो खरा, पण त्याला आत धाडणारे आपणच असतो. घाम फुटतो तो इथे.

खेळणाऱ्याला घाबरवण्याच्या काही युक्त्या चक्क यंत्राच्या दुबळेपणातून जन्माला आल्या आहेत. जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली आला. त्यात ५५ परग्रहवासी रांगेने खाली सरकत येतात. इतकी चित्रे झपाट्याने हलवणे तेव्हाच्या यंत्राला झेपत नव्हते. काही शत्रू मेले की यंत्राचा भार हलका होई आणि उरलेले जोरात धावू लागत. हा दोष खेळाचे जनक तोमोहिरो निशिकादो यांनी मुद्दाम तसाच ठेवला. सोबत चार खर्जातले सूर, तेही हळूहळू जलद होणारे. खेळणाऱ्याचे काळीज त्याच ठेक्यावर धडधडू लागे.

१९९६ च्या ‘रेसिडेंट इव्हिल’मध्ये एक पछाडलेला वाडा आहे. दर दारापाशी खेळ थांबतो आणि काळोखात ते दार करकरत उघडताना दिसते. खरे कारण साधे होते, तेवढ्या वेळात प्लेस्टेशन पुढची खोली सीडीवरून वाचून घेत असे! पण तेच चार-दोन क्षण जीव टांगणीला लावतात. त्यात बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच. खर्च कराव्यात की राखून ठेवाव्यात? महिनाअखेरीस पाकिटात डोकावणाऱ्याला ही घालमेल समजावून सांगायला नको.

मला विचाराल तर सर्वांत भेदक खेळ १९९९ चा ‘सायलेंट हिल’. हॅरी मेसन हा कुणी शूर शिपाई नव्हे, हरवलेल्या मुलीला शोधणारा साधा बाप आहे. त्याचा नेम धड लागत नाही, धावले की त्याला धाप लागते. गावावर दाट धुके. दूरचे रस्ते आणि इमारती दाखवण्याची यंत्राची ताकद नव्हती, ती उणीव या धुक्याने झाकली. त्याच्या खिशातला रेडिओ, जवळपास काही भयंकर असले की खरखरू लागतो. दिसत काहीच नाही, फक्त खरखर! मग उरलेले भूत आपले मनच उभे करते. २०२४ मध्ये या मालिकेतला दुसरा खेळ नव्याने बनवला गेला. आताच्या यंत्रांना दूरचे सगळे दाखवता येते, तरीही धुके कायम ठेवले आहे.

हे खेळ रडवतातही. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये एरिथ नावाची मुलगी मारली जाते. कित्येक तास जिला आपण सोबत घेऊन लढलो, ती अचानक नाहीशी होते आणि हातातले कोणतेही बटण उपयोगी पडत नाही. अनेकांना ते दुःख अजून आठवते.

घाबरलेल्या मुलाला आपण सहज म्हणून जातो, “अरे, नुसता खेळ तर आहे!” त्याला ते ठाऊकच असते. पण त्याच्या शरीराला नसते. छाती धडधडायची ती धडधडतेच, आणि दिवा मालवल्यावर झोपही लवकर येत नाही. वर उल्लेखलेल्या वाड्याच्या आणि धुक्याच्या खेळांवर अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांसाठी नाहीत असा शिक्का आहे. खरेदी करताना डब्यावरचा तेवढा मजकूर वाचायला काय हरकत आहे?

माझा भाचा कॉलेजात जातो, मिशी फुटली आहे. मागच्या सुट्टीत तो रात्री खेळत बसला होता आणि मी शेजारी पेपर चाळत होतो. थोड्या वेळाने त्याने हातातला कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाला, “मामा, हे दार तूच उघड ना.”