दहावा कोण?

न्यूयॉर्कमधलं एखादं ऑर्थोडॉक्स ज्यू हायस्कूल डोळ्यांसमोर आणा. सकाळचे आठ वाजलेत. प्रार्थनेच्या खोलीत मधोमध आडोसा आहे, अलीकडे मुलगे, पलीकडे मुली. सगळ्यांच्या हातात पुस्तकं आहेत, पण प्रार्थनेतला महत्त्वाचा भाग काही सुरू होत नाही. सगळे दाराकडे बघतायत. कारण दहा जण लागतात आणि आलेत नऊच.

तुम्ही म्हणाल, नऊ कसले? इथे तर तीसेक डोकी दिसतायत! दिसतायत खरी, पण त्यातल्या वीस-एकवीस मुली आहेत आणि मुली मोजायच्या नसतात. दहा हा आकडा तेरा वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषांचा. या दहांच्या जमावाला 'मिन्यान' म्हणतात. मग कुणीतरी झोपाळलेला मुलगा शर्ट खोचत धावत येतो आणि प्रार्थना पुढे सरकते. आपल्या भाषेत यासाठी 'खिजगणती' असा झकास शब्द आहे. इथे तो अक्षरशः लागू पडतो.

गंमत म्हणजे, या समाजात बाईला मान नाही असं म्हणायची सोय नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या तीच लावते. त्या रात्री जेवणाआधी नवरा तिच्या कौतुकाचं गाणं म्हणतो. मूल ज्यू आहे की नाही, हे परंपरेने आईवरून ठरतं. मुलींना का मोजत नाही असं विचारलंत, तर उत्तरही गोडच मिळतं. ठरलेल्या वेळीच करायच्या बऱ्याच धर्मकृत्यांतून बायकांना सूट आहे, घरचा व्याप असतो ना त्यांना! आणि ज्याच्यावर बंधन नाही, त्याची मोजणी नाही. (हा सूर तुमच्या ओळखीचा असेल. 'तू कशाला त्रास घेतेस, आम्ही बघतो ना' हे वाक्य गणपतीच्या मंडपापासून कॉलेजच्या फेस्टपर्यंत कुठेही ऐकू येतं. पुढे निर्णय कोण घेतं, तेही आपल्याला माहीत असतं.)

या सवलतीची बंदी कशी होते, ते सगळ्यात स्पष्ट शाळेत दिसतं. ज्यू शिक्षणाचा कणा म्हणजे तालमूद, धर्मकायद्यावरच्या वादविवादांचा प्रचंड ग्रंथ. मुलींना तोरा शिकवावी का, हा वादही त्यातच आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, मुलीला शिकवणं म्हणजे तिला थिल्लरपणा शिकवणं. बेन अझाई म्हणतात, बापाने मुलीला शिकवलंच पाहिजे. (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, आपल्या हरभऱ्याच्या हंगामाशी त्यांचा संबंध नाही.) दोन्ही मतं ग्रंथात शेजारी शेजारी बसली, पण पुढची कित्येक शतकं पाठशाळा चालल्या त्या एलिएझरच्या मतावर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्राकोव शहरात या व्यवस्थेचं हसं झालं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथे शिक्षण सक्तीचं होतं. कर्मठ घरांतले बाप मुलग्यांना धार्मिक पाठशाळेत घालायचे आणि मुलींना सरकारी शाळेत. मुलींचं काय, त्यांना कुठे तालमूद शिकायचाय! झालं असं की मुली फाडफाड पोलिश बोलू लागल्या, कादंबऱ्या वाचू लागल्या, नाटकं बघू लागल्या आणि घरातल्या हिब्रू प्रार्थनेतलं त्यांना ओ की ठो कळेना. काही जणी तर घर सोडून पळाल्या.

हे बघत होत्या सारा शेनिरर, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एक बाई. १९१७ मध्ये त्यांनी पंचवीस मुली घेऊन शाळा सुरू केली. तिचं नाव पुढे 'बेस याकोव' पडलं. बाई स्वतः पक्क्या कर्मठ. आधी बेल्झच्या रब्बींचा आशीर्वाद मिळवला, मगच कामाला लागल्या. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आत अशा दोनशेहून अधिक शाळा झाल्या होत्या आणि त्यांत तीस हजारांहून जास्त मुली शिकत होत्या. त्यातल्या कित्येकींना पुढे नाझींनी मारलं. युद्धानंतर अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये या शाळा पुन्हा उभ्या राहिल्या. शेनिररबाईंना 'क्रांतिकारक' हा शब्द बिलकुल आवडला नसता, पण मला दुसरा सुचत नाही. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी : बेस याकोवच्या शाळांत तालमूद आजही सहसा शिकवत नाहीत. दार उघडलं, पण आतल्या खोलीचं कुलूप तसंच राहिलं.

१९२२ हे वर्ष मला फार आवडतं. त्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला रब्बी मॉर्डकाय कॅप्लन यांच्या बारा वर्षांच्या मुलीने, ज्युडिथने, सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर तोरा वाचली. मुलग्यांच्या 'बार मित्स्वा'सारखी मुलीची 'बात मित्स्वा', अमेरिकेतली पहिली म्हणून नोंदली गेलेली. मात्र तिला गुंडाळीपासून जरा लांब उभं केलं होतं आणि वाचायला दिलं होतं छापील पुस्तक. त्याच वर्षी इकडे मुंबईत, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाने १८७५ मध्ये काढलेल्या शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या रिबेका रूबेन. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. मुलगेही शिकत असलेल्या शाळेची सूत्रं एका बाईच्या हातात, आणि तीही १९५० पर्यंत!

आतल्या खोलीचं कुलूप काढलं बॉस्टनमध्ये. रब्बी जोसेफ सोलोवेचिक आणि त्यांच्या पत्नी टोन्या यांनी १९३७ मध्ये मायमोनिडीस स्कूल सुरू केलं. तिथे मुलं-मुली एकाच वर्गात तालमूद शिकू लागली. सोलोवेचिक हे त्या काळातले तालमूदचे दिग्गज, त्यामुळे 'यांना शास्त्र कळत नाही' असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. १९७७ मध्ये स्टर्न कॉलेज या मुलींच्या कॉलेजात तालमूद अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्याचा उद्घाटनाचा पाठही त्यांनीच दिला.

एकाच वर्गात बसण्याला इतकं महत्त्व का, हे तालमूद कसा शिकतात ते कळलं की उमगतं. दोघांची जोडी असते, तिला 'हव्रुता' म्हणतात. एक उतारा घ्यायचा, मोठ्याने वाचायचा आणि भांडायचं. तू म्हणतेस ते चूक, कारण अमुक. अरे पण पुढची ओळ वाच ना, तमुक. मुलगी समोर असली की मुलग्याला तिचा मुद्दा नीट ऐकावा लागतो, कारण ऐकल्याशिवाय खोडता येत नाही. कौतुकाच्या गाण्यापेक्षा मला हा आदर जास्त खरा वाटतो.

मोजणीचं काय झालं? कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मकायदा समितीने १९७३ मध्ये मिन्यानमध्ये बायकांना मोजायला परवानगी दिली. ऑर्थोडॉक्स शाळांचा आडोसा तसाच आहे. पण २०१४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागातल्या एसएआर हायस्कूलची बातमी आली. तिथल्या दोन मुली सकाळच्या प्रार्थनेला तेफिलीन बांधत. तेफिलीन म्हणजे चामड्याच्या पट्ट्या लावलेल्या दोन काळ्या डब्या. आत धर्मवचनं असतात. एक दंडावर बांधायची, एक कपाळाच्या वर. बंधन पुरुषांवर, बायकांना अर्थातच 'सूट'. त्यामुळे या दोघींना शाळेत यायच्या आधी घरी बांधून मोकळं व्हावं लागे. मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेतल्या मुलींच्या प्रार्थनेत तेफिलीन बांधायची परवानगी दिली.

मग काय, गदारोळ! एका शाळेच्या मुख्याध्यापकाने परस्पर हे ठरवायचंच कसं, असं मोठमोठे रब्बी विचारू लागले. समर्थकांनी तालमूदच उघडला. शौल राजाची मुलगी मीखल तेफिलीन बांधायची आणि विद्वानांनी तिला अडवलं नाही, असा उल्लेख त्यात आहे.

शाळेने निर्णय बदलला नाही. इतर मुलींवर सक्ती केली नाही, मुलग्यांच्या प्रार्थनेला हात लावला नाही, मिन्यानचा आकडाही होता तोच ठेवला. फक्त त्या दोघींना घरून आटोपून यायची गरज उरली नाही.