विश्लेषण : मोफत मार्कडाउन एडिटर निवडताना काय पाहाल?

लॅपटॉपवर नीट दिसणारा मजकूर फोनवर विस्कटतो. जुन्या सॉफ्टवेअरमधली फाइल नव्या संगणकावर उघडत नाही. या अडचणींवर मार्कडाउन हा सोपा उपाय आहे. त्याचे अनेक एडिटर मोफत मिळतात, पण निवड केवळ किमतीवरून करू नये.

मार्कडाउन म्हणजे काय?

जॉन ग्रुबर यांनी आरोन स्वार्ट्झ यांच्या मदतीने २००४ मध्ये आणलेली ही लेखनपद्धती आहे. ओळीच्या सुरुवातीला # आणि एक स्पेस दिली की शीर्षक होते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना  दोन-दोन तारांकने (**) दिली की तो ठळक होतो. फाइल मात्र साध्या मजकुराचीच राहते.

कोणत्या यंत्रणेसाठी कोणता?

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर झेटलर आणि मार्कटेक्स्ट चालतात. झेटलर संदर्भांसह दीर्घ लेखन करणाऱ्यांना सोयीचा. मार्कटेक्स्टमध्ये लिहितानाच अंतिम रूप दिसते. प्रोग्रामिंग करणाऱ्या अनेकांकडे व्हीएस कोड असतो, त्यात मार्कडाउनचा प्रिव्ह्यू आहे. अँड्रॉइडवर मार्कोर हलका पर्याय आहे. फोन आणि संगणक दोन्हींवर एकच अ‍ॅप हवे असेल, तर जॉपलिन किंवा ऑब्सिडियन आयफोनवरही मिळतात.

आजचे मोफत उद्याही मोफत राहील?

खात्री नसते. टायपोरा हा लोकप्रिय एडिटर चाचणीच्या काळात मोफत होता. २०२१ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि तो विकतचा झाला. झेटलर, मार्कटेक्स्ट, मार्कोर हे मुक्तस्रोत आहेत. ऑब्सिडियन मोफत असला तरी मुक्तस्रोत नाही. त्याची सिंक सेवाही सशुल्क आहे.

फाइल कुठे राहते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ऑब्सिडियन नोंदी तुमच्याच फोल्डरमध्ये मार्कडाउन फाइल म्हणून ठेवतो. जॉपलिन त्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. मार्कडाउन फाइल हव्या असतील तर त्या एक्स्पोर्ट कराव्या लागतात.

मराठीसाठी काय तपासावे?

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जोडाक्षरे नीट दिसतात का, मजकुरात शब्द शोधता येतो का, हे एक परिच्छेद लिहून पाहावे. मग तीच फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. तिथेही ती वाचता आली, तर उद्या एडिटर बंद पडला किंवा महागला, तरी लेखन तुमच्याच हातात राहील.