गरज आधी सांगावी

आमच्या ओळखीचा एक चित्रकार आहे. लहानपणी पोलिओ झाला, म्हणून तो कुबडी घेऊन चालतो. गावोगावच्या शाळांच्या भिंती रंगवतो. हात मोठा देखणा.

एका गावी त्याने काम धरले. शिडी चढता येत नाही, हे बोलला नाही. सांगितले तर काम जाईल, ही भीती! तसाच शिडीवर चढला आणि पडला. हात मोडला. दोन महिने घरी बसला. पोराबाळांचे हाल झाले.

पुढे तो आमच्या शाळेत आला. विसार घेण्याआधीच म्हणाला, "गुरुजी, शिडी नको. बुटकी, रुंद परांची बांधून द्या. वरची अक्षरे माझा जोडीदार काढील. आठाऐवजी दहा दिवस लागतील."

रडगाणे नाही, दुखण्याची कहाणी नाही. काय लागेल, किती दिवस लागतील, एवढेच. ठरले ते कागदावर लिहिले. दोघांनी सह्या केल्या. सही तर आता तुम्हांलाही येते!

कमी ऐकू येणाऱ्या शिंप्यानेही असेच सांगावे, "माप आणि तारीख लिहून द्या."

एखादे गिऱ्हाईक नाही म्हणेल. म्हणू द्या. काम गेले तर दुसरे मिळते. मोडलेला हात लवकर जुळत नाही.

सोय मागणे म्हणजे भीक नव्हे. दिव्यांगांना बरोबरीने वावरता यावे म्हणून योग्य ते बदल करावेत, असे २०१६ सालचा कायदाही सांगतो.

आणि आपण काम देणारे असू, तर आपणच आधी विचारावे, "बाबा, तुला काय सोय लागेल?"