आकाशातील प्रवाशाचा माग

अवसरी खुर्दहून नारायणगावाकडे जाऊन पुढे खोडदच्या शिवारात शिरले की तारांच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३० थाळ्या. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हीच ती महाकाय रेडिओ दुर्बीण. ताऱ्यांचा वेध घेणे हे तिचे रोजचे काम; पण तिने एकदा धावत्या वस्तूचाही माग काढला.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरत होते. वातावरणात शिरताना त्याचा वेग ताशी २१,००० किलोमीटर. त्याचा प्रक्षेपक अवघ्या काही वॅटचा, म्हणजे घरातल्या लहानशा दिव्याएवढा. आणि अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर! संदेश इथवर यायला पावणेदहा मिनिटे लागत होती. तो खोडदला ऐकू आला.

हे साधले कसे? गोदीतले हमाल जड ओझे ओढताना एक आरोळी देतात. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला तरच ओझे हलते. थाळ्यांचेही तसेच. एकच लहर निरनिराळ्या थाळ्यांवर सेकंदाच्या सूक्ष्म अंशाने मागेपुढे पोचते. तो फरक हिशेबाने काढून टाकला, की सर्व थाळ्यांतला खरा संदेश एका तालात मिळून बळावतो. प्रत्येक थाळीतला गोंगाट मात्र वेगवेगळा असल्यामुळे तसा बळावत नाही.

वेग कळतो तो आगगाडीच्या शिट्टीच्या न्यायाने. गाडी जवळ येताना शिट्टी तीव्र वाटते, दूर जाताना मंद. यानाचा वेग बदलला की त्याच्या लहरींची संख्याही सरकते. हवाई छत्री उघडून वेग घटला, तर त्याची खूण आलेखावर उमटते.

उतरण्याच्या ठरल्या वेळेच्या थोडे आधी संदेश थांबला. पुढे चौकशीत निघाले, की यानाच्या गणकयंत्राने आपली उंची चुकीची मानली, छत्री वेळेआधीच सोडली, उतरवणारी इंजिने तीनच सेकंद चालवली, आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटरवरून कोसळले.

आता आमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. इतका क्षीण आवाज ऐकायचा तर भोवती शांतता हवी. विजेच्या यंत्रांची ठिणगी, मोबाइलचे मनोरे, सारेच तिथे कोलाहल. म्हणून परिसरात मोठ्या कारखान्यांवर निर्बंध आले. पुणे–नाशिक लोहमार्गाची मूळ आखणीही याच कारणाने अडली. इथल्या तरुणाला कामासाठी चाकणची वाट धरावी लागते. दुर्बीण हलवा असे आम्ही म्हणणार नाही. ती देशाचे भूषण आहे. पण साऱ्या देशासाठी जी शांतता राखायची, तिची किंमत आसपासच्या तालुक्यांनीच का भरावी? कोलाहल न करणारे उद्योग, शिक्षण आणि दळणवळण इथे आणणे, हे त्या शांततेचे रास्त वेतन होय. ते मागणे आमचा हक्क आहे.